सुरतेचं बिल, घराचा हप्ता

नंदुरबार, शहादा, तळोद्याकडे पेशंट गंभीर झाला की घरात एकच वाक्य ऐकू येतं : 'सुरतला हलवा.' गाडीभाड्यापासून खर्च सुरू होतो. आधी पोस्टातली ठेव मोडते, मग दागिने जातात, मग हप्त्यासाठी बाजूला ठेवलेले पैसे. दवाखान्याचं काउंटर समोर असतं, बँक दूर असते. म्हणून हप्ता राहतो. घर धोक्यात येतं ते इथं.

दवाखान्याचं बिल हे विनातारण देणं आहे. ते वसूल करायला दवाखान्याला कोर्टात जावं लागतं. घर मात्र बँकेकडे गहाण असतं. हप्ता थकून 90 दिवस उलटले की खातं एनपीए, म्हणजे अनुत्पादक, ठरतं, आणि 2002 च्या सरफेसी कायद्यानं बँक दावा न लावताही घराचा ताबा मागू शकते. म्हणून बिल भागवायला घरावर वाढीव कर्ज काढणं मला सर्वांत घातक वाटतं. विनातारण देणं आपण आपल्याच हातानं घराच्या उंबऱ्यावर आणून ठेवतो.

आयसीयूच्या दारात उभ्या माणसाला हे सांगणं सोपं नाही, मला ठाऊक आहे. म्हणूनच आयुष्मान कार्ड घरात आधीपासून हवं. पात्र कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंतचे उपचार मिळतात, आणि योजनेतल्या परराज्यातल्या दवाखान्यातही ते कार्ड चालतं. भरती होतानाच दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनिसाला, गाठा. बिल हातात पडल्यावर उशीर होतो.

दुसरं काम बँकेत अर्ज देण्याचं, हप्ता थकल्यापासून 90 दिवसांच्या आत. डिस्चार्ज कार्ड जोडा, मुदत वाढवून हप्ता कमी करून मागा आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या. तोंडी बोलणं फाइलीत जात नाही. तरीही बँकेची सरफेसीखालची नोटीस आलीच, तर ती देव्हाऱ्यामागे खोचून ठेवू नका. तिच्यात 60 दिवसांची मुदत असते. लेखी हरकत दिली तर बँकेला 15 दिवसांत उत्तर द्यावं लागतं. ताब्याची कारवाई झाली तरी 45 दिवसांत कर्जवसुली न्यायाधिकरणात दाद मागता येते. आणि घर जाणारच असेल, तर लिलावाची वाट न पाहता बँकेला सांगून स्वतः गिऱ्हाईक शोधा. चार पैसे हातात राहतील.

धडगाव-अक्कलकुव्याकडची गोष्ट वेगळी. तिथं बँकेचं गृहकर्ज विरळा; अडीनडीला सावकार. पैसे उपचाराला देतो आणि कागद मात्र खरेदीखताचा करून घेतो. 2014 च्या महाराष्ट्र सावकारी कायद्यानुसार याविरुद्ध जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करता येतो. बेकायदा सावकारीतून मालमत्ता बळकावल्याचं चौकशीत ठरलं, तर ती मूळ मालकाला परत करण्याचा आदेश ते देऊ शकतात. रक्कम घेतल्याची चिठ्ठी, दिलेल्या व्याजाची वहीतली नोंद आणि ज्या दवाखान्यासाठी पैसे उचलले त्याचं बिल, हे सगळं त्या अर्जाला जोडायचं.

– हिशेबनीस