शेवटच्या साठ्यावर नव्यांचाही हक्क



‘इंटरनेटचे पत्ते ज्याला परवडतील त्याने घ्यावेत’ हे गेल्या अंकातील पत्रलेखकाचे मत मला साफ अमान्य आहे. आयपीव्ही-४ या जुन्या पद्धतीचे पत्ते सारे मिळून सुमारे ४२९ कोटी. त्यांतले १ कोटी ६७ लाख एकट्या एमआयटी या अमेरिकी संस्थेकडे होते; फुकट मिळालेल्या त्या पत्त्यांतले लाखो तिने २०१७मध्ये विकायला काढले. हाच का न्याय?

आशिया-पॅसिफिक भागात पत्ते वाटणाऱ्या एपनिकने २०११मध्ये साठा तळाला जाताच प्रत्येक सदस्याला १,०२४ पत्त्यांची, पुढे ५१२ची मर्यादा घातली. म्हणून तर तालुक्याच्या गावातला नवा इंटरनेटवाला उभा राहू शकतो. तरी एका पत्त्यामागे शंभर घरे बसवावी लागतात. मग दुकानातल्या कॅमेऱ्यांचा डीव्हीआर बाहेरून थेट उघडत नाही, आणि एकाच्या आगळिकीपायी सगळ्यांनाच संकेतस्थळे अडवतात. मर्यादा राहावीच, शिवाय पडून असलेले पत्ते परत घ्यावेत.

– एक केबल-इंटरनेट व्यावसायिक, सांगली