कारीचें दफ्तर आणि ठाकऱ्यांची लेखणी

१७ सप्टेंबर आला कीं प्रबोधनकार केशव सीताराम ठाकरे यांच्या तसबिरीस हार पडतात, भाषणें झडतात, आणि १८ सप्टेंबरला तीच तसबीर पुन्हां भिंतीवर धूळ खात बसते. हार घालणाऱ्या दहा जणांस विचारा, "बाबांनो, या माणसाचें एखादें पुस्तक वाचलें आहे काय?" नऊ जण माना खालीं घालतील, दहावा छाती फुगवून सांगेल, "ते अमक्यांचे वडील!" शाबास! ज्यानें हयातभर लेखणी झिजवून भिक्षुकशाहीशीं झुंज घेतली, त्याची ओळख शेवटीं कोणाचा तरी बाप म्हणून!

आमच्या भोर-वेल्ह्याच्या शेतकरी बंधूंस वाटेल, ठाकरे पनवेलचे, त्यांचा आमच्या मावळाशीं काय संबंध? बंधूंनो, संबंध आहे, आणि तो थेट तुमच्या माळ्यावरच्या बाडाशीं आहे.

भोर तालुक्यांत कारी नांवाचें गांव आहे. शिवछत्रपतींच्या कार्यांत पहिल्यापासून उभे राहिलेले कान्होजी जेधे याच कारीचे देशमुख. त्यांच्या घराण्याच्या दफ्तरांत एक जुनी शकावली निघाली. शके १५४० पासून १६१९ पर्यंतच्या घडामोडी तींत तिथीवार टिपलेल्या. ती लोकमान्य टिळकांच्या हातीं गेली आणि १९१६ सालीं भारत इतिहास संशोधक मंडळाच्या संमेलनवृत्तांत छापली गेली. तोंवर बखरींच्या आधारें शिवजन्माचें साल १६२७ धरीत. शकावली म्हणाली, शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया. म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०. आज सरकारी जयंती याच तारखेस होते. टिळकांनीं ती छापविली हें त्यांचें काम चांगलें, तें आम्ही नाकारीत नाहीं. पण ती जपली कोणी? ओल्या मावळांत, धुवांधार पावसांत, वाळवीच्या तोंडून पिढ्यानुपिढ्या तो कागद राखला तो कारीच्या देशमुखांच्या घरानें. पंडितांची वाहवा झाली. घराचें नांव तेवढें शकावलीला चिकटून राहिलें म्हणून टिकलें, नाहींतर तेंही गेलें असतें!

याच कारीचें दुसरें घराणें रोहिडखोऱ्याच्या देशपांडे गुप्त्यांचें. दादाजी नरसप्रभूंचें नांव रायरेश्वराच्या शपथेच्या गोष्टींत येतें. (त्यासाठीं १६४५ चें म्हणून जें पत्र दाखवितात, त्याच्या अस्सलपणाविषयीं संशोधकांत वाद आहे, हें आम्ही आपल्या वाचकांपासून लपविणार नाहीं. खोटा कागद आपल्या बाजूचा असला तरी खोटाच.) त्याच घराण्यांत रंगो बापूजी झाले. १८३९ सालीं इंग्रजांनीं साताऱ्याच्या प्रतापसिंह छत्रपतींस गादीवरून उतरवून काशीस धाडलें, तेव्हां त्यांची बाजू मांडावयास हा कारीचा माणूस लंडनास गेला. महाराज १८४७ मध्यें काशींत वारले, १८४९ मध्यें सातारा खालसा झाला, तरी हा पठ्ठ्या १८५३ पर्यंत तेथें दारोदार न्याय मागत राहिला. पुढें १८५७ च्या धामधुमींत त्यांचा मुलगा सीताराम साताऱ्यास फांशीं गेला. रंगो बापूजी मात्र इंग्रजांच्या हातीं लागले नाहींत ते नाहींतच.

एवढ्या माणसाची कथा लिहिण्यास कोण्या विद्यापीठास फुरसत झाली? ती लिहिली ठाकऱ्यांनीं, १९४८ सालीं. ज्या वर्षीं भोर संस्थान मुंबई प्रांतांत विलीन झालें, त्याच वर्षीं हें पुस्तक निघावें हा योग आम्हांस मोठा गोड वाटतो. पंतसचिवांची सत्ता मावळली आणि त्यांच्या रयतेंतल्या एका गांवाचा वकील पुस्तकांतून पुन्हां उठून उभा राहिला.

हा लेखक घडला कसा? १८८५ चा जन्म. शाळा जागोजाग फिरत झाली. पोटासाठीं फोटो काढले, नाटक कंपन्यांत वावरले, विम्याची एजन्सी केली, सरकारी बांधकाम खात्यांत कारकुनी केली. राजवाडे यांनीं कायस्थ प्रभूंच्या इतिहासांतील कामगिरीवर शिंतोडे उडविले, तेव्हां १९१८ सालीं 'कोदंडाचा टणत्कार' काढून मंडळास उलट सलामी ठोकली. पुढच्याच वर्षीं ग्रामण्याचा इतिहास. ग्रामण्य म्हणजे काय, हें आमच्या कारागीर बंधूंस सांगावयास नको. अमक्यानें मुंज करूं नये, तमक्यानें वेदोक्त करूं नये, असें म्हणून सबंध जातीची नाकेबंदी करणें. १७७९ सालीं कंपनी सरकारनें पुणें दरबारच्या सांगण्यावरून मुंबईच्या सोनारांस 'नमस्कार' हा शब्द उच्चारण्याची मनाई केली होती. नमस्कार म्हटल्यानें कोणाचें काय आभाळ कोसळत होतें?

१६ ऑक्टोबर १९२१ रोजीं 'प्रबोधन' निघालें. मुंबई, सातारा, पुणें अशीं त्याचीं ठिकाणें बदललीं, आणि कर्जानें, विरोधानें तें पत्र धांपा टाकीत चाललें. ठाकऱ्यांची रीत अशी कीं आज सकाळच्या भांडणास दोनशें वर्षांपूर्वींचा कागद काढून उत्तर द्यावें. हुंड्याची चाल असो, देवळांची मिरास असो, साताऱ्याच्या राज्याचा घात असो, स्फुट लिहितां लिहितां इतिहास होई आणि इतिहास लिहितां लिहितां स्फुट होई. पंडित नाकें मुरडीत, पण वाचणारा शेतकऱ्याचा पोर पुढची ओळ सोडीत नसे. १९७३ सालीं वारले, त्याच वर्षीं 'माझी जीवनगाथा' निघाली. म्हणजे लेखणी शेवटपर्यंत खालीं ठेवलीच नाहीं.

आम्ही त्यांचे भाट नव्हों. पहिला बाण त्यांनीं आपल्या जातीच्या अब्रूसाठीं सोडला, हें खरें. भाषा इतकी जहाल कीं कधींकधीं पुरावा मागें राहून शिवीच पुढें धांवे, हेंही खरें. आणि रंगो बापूजींच्या पुस्तकाचा रोख छत्रपती व त्यांचा वकील यांच्यावर; नांवच तसें, तेव्हां तक्रार नाहीं. पण कारीचा लोहार, सुतार, कुंभार, रामोशी, महार, राजगडाचे चिरे वाहणारे हात, यांचें पुस्तक अजून लिहावयाचेंच आहे. तें ठाकऱ्यांनीं लिहिलें नाहीं म्हणून त्यांना दोष काय द्यावा? आपण काय करीत आहों?

आपण बाड जाळीत आहों! जुनें घर पाडून स्लॅब घालतांना माळ्यावरचे मोडी कागद "कोणाला वाचतां येतात?" म्हणून पाण्याच्या बंबाखालीं जातात, नाहींतर रद्दीवाल्याच्या तराजूंत. १९२८ सालीं भाटघरचें धरण पुरें झालें. खालचीं शिवारें उसानें हिरवीं झालीं, वरचीं गांवें पाण्याखालीं गेलीं. पुढें पानशेतनें वेल्ह्यांत तेंच केलें. उठलेल्या घरांचे कागद कोठें गेले, तें कोणी विचारलें? आज पुण्याचे बंगलेवाले गुंजवणीच्या कांठीं गुंठे मोजीत फिरतात, आणि आपल्या पणज्याची वहिवाट कोणत्या कागदांत आहे हें नातवाला ठाऊक नसतें. रविवारीं राजगडावर पाहुण्यांस वाटेल त्या गोष्टी सांगणारे पुष्कळ झाले. गडाखालच्या घरांतला एक महजर वाचून दाखविणारा पाली-वाजेघरांत किती सांपडतील?

भल्या कपड्यांतला कोणी येतो, "वाचून परत देतों" म्हणतो, आणि कागद कायमचा जातो. असें पूर्वीं झालें आहे, आजही होतें. देणाराही लाजेनें पावती मागत नाहीं. कां मागूं नये? दूध डेअरींत घातलें तर फॅट लिहून घेतां ना?

तेव्हां यंदा तसबिरीला हार घालण्यापूर्वीं एकदां माळ्यावर चढा. जें बाड सांपडेल तें उन्हांत नव्हे, सावलींत पसरून कोरडें करा, सुती फडक्यांत बांधा. मोबाईलवर एकेका पानाचा फोटो काढा आणि कॉलेजांत जाणाऱ्या मुलामुलींपैकीं एकास तरी मोडीच्या वर्गास घाला. कोणी अभ्यासक आला तर फोटो द्या, चहा द्या. मूळ कागद मात्र उंबऱ्याबाहेर जाऊं देऊं नका. आणि द्यावाच लागला तर आधीं पावती, मग कागद.