‘पिशवी काढून टाका, कटकट मिटेल’

माझ्या धाकट्या बहिणीला डाउन सिंड्रोम आहे. बाराव्या वर्षी तिला पाळी आली, तेव्हा ओळखीच्या एका डॉक्टरांनी आईला सांगितलं, “पिशवी काढून टाका. तिला तसाही काय उपयोग? कटकट मिटेल.” मी इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला होतो. मीही मान डोलावली. आईला ते पटलं नाही, म्हणून ऑपरेशन टळलं. त्यात माझं श्रेय शून्य.

हा सल्ला एका डॉक्टरांपुरता नाही. फेब्रुवारी १९९४ मध्ये शिरूरच्या सरकारी संस्थेतल्या, तेव्हाच्या भाषेत ‘मतिमंद’ मुलींना पुण्याच्या ससून रुग्णालयात आणून त्यांची गर्भाशयं काढली गेली. कारण काय, तर त्यांना पाळीत स्वच्छता राखता येत नाही. महिला संघटनांनी आवाज उठवल्यावर हे थांबलं, तोवर किमान ११ जणींची ऑपरेशनं झाली होती. आज २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम १० सांगतं, की व्यक्तीच्या स्वतःच्या संमतीशिवाय वंध्यत्व आणणारी कोणतीही वैद्यकीय प्रक्रिया करता येणार नाही. कायदा बदलला, पण “कटकट मिटेल” हे वाक्य अजून कानावर येतं.

मिटतं का काही? अंडाशयं ठेवली तर हार्मोन्सही राहतात. छाती वाढणं, चिडचिड, कुणीतरी आवडणं, यातलं काहीच थांबत नाही. तीही काढली तर कोवळ्या वयातच हाडं कमकुवत होऊ लागतात. आणि “उद्या तिच्या बाबतीत काही झालं तर?” या प्रश्नाचा खरा अर्थ आहे, बलात्कार झाला तर. गर्भाशय काढून बलात्कार थांबत नाही. फक्त गर्भ राहत नाही, म्हणजे घडलेलं उघड होण्याची एक वाट बंद होते. हे संरक्षण नेमकं कुणाचं?

“ती मनानं लहानच आहे हो.” असेल, पण शरीर मनासाठी थांबून राहत नाही. तरी आपण तिला अवयवांची नावं सांगत नाही. उलट, कुणीही अंघोळ घालावी, कुणीही कपडे बदलावेत आणि तिनं गप्प राहावं, हे मात्र वर्षानुवर्षं शिकवतो. अशा मुलीला नको असलेला हात ओळखायचा कसा? मुलग्यांचं वेगळं नाही. चारचौघांत हात चड्डीत गेला की फटका मिळतो. हे आपल्या खोलीत, दार लावून करायचं असतं, एवढं साधं वाक्य त्याला कुणी सांगत नाही.

आमच्याकडे शिकवणं असं झालं. विशेष शिक्षिकेनं पॅड बदलण्याचे छोटे टप्पे पाडले आणि प्रत्येकाचं चित्र बाथरूमच्या दाराआड लावलं. चड्डीवर पॅडची बाह्यरेषा काढून दिली. पाळी नसतानाही सराव घेतला. मी पोटासाठी कोड लिहितो, मोठं काम तुकड्यांत तोडणं हा माझा रोजचा धंदा. तरी घरात हे मला सुचलं नव्हतं. बहिणीला वेळ लागला, डाग पडले, रडारड झाली. पण जमलं. सगळ्यांना इतकं जमेल असं नाही. काहींना आयुष्यभर मदत लागेल. पण मदत लागते म्हणून अवयव काढायचा, हा न्याय आपण दुसऱ्या कुणाला लावतो?

आया दमतात, हे खरं आहे. आमची आईही दमली होती, कारण ते डाग तिनं एकटीनं धुतले. बाबा पेपर वाचत होते आणि मी “बायकांचं काम” म्हणून खोलीबाहेर जात होतो. पिशवी काढण्याआधी निदान घरातल्या पुरुषांनी बादली उचलून पाहावी.

बहीण आता बावीस वर्षांची आहे. कॅलेंडरवर लाल टिकली स्वतः लावते. गेल्या महिन्यात मी तिच्या खोलीत तसाच घुसलो, तर ओरडली, “दादा, बाहेर! आधी टकटक कर!”

मी बाहेर गेलो आणि टकटक केली.