वैद्याच्या घरातील आचार रसायन

रसायनचिकित्सा म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे च्यवनप्राशाची बरणी उभी राहते. परंतु चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातील पहिल्याच अध्यायात, चौथ्या पादात, एकाही वनस्पतीची गरज नसलेले रसायन सांगितले आहे. सत्य, अक्रोध, दान, करुणा, वृद्धांची सेवा हे त्याचे घटक. आपण ते परीक्षेसाठी पाठ केले. रुग्णांनाही अधूनमधून सांगतो. स्वतः मात्र क्वचितच घेतो.

त्याचे फळ पाहावयाचे असेल तर चैत्र पौर्णिमेस वाडी रत्नागिरीला जावे. भर उन्हात सासनकाठ्या घेऊन लाखो भाविक जोतिबाच्या डोंगरावर येतात. गायमुख येथे त्यांच्यासाठी सहजसेवा ट्रस्टचे अन्नछत्र चालते. तेथील वाढणाऱ्यांकडे वैद्याच्या नजरेने पाहावे. जागरण, अतिश्रम, जेवणाची अवेळ अशी वातप्रकोपाची सारी कारणे हजर असतात. तरी चेहऱ्यावर त्रासिकपणा दिसत नाही. अनोळखी माणसाला आग्रहाने वाढणाऱ्या आईवडिलांना पाहून मूल जे शिकते, ते संस्कारवर्गात शिकवता येत नाही.

अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांनी ४२३ वृद्ध दांपत्यांचा पाच वर्षे अभ्यास करून २००३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. आप्त, शेजारी व जोडीदार यांना मदत करणाऱ्यांत मृत्यूचे प्रमाण कमी आढळले. केवळ मदत घेणाऱ्यांना तसा लाभ दिसला नाही. धडधाकट माणसेच मदत करतात, अशी शंका येईल. त्यांनी प्रकृतीचा फरक हिशेबात धरला होता. तथापि एका अभ्यासावर फार मोठी इमारत उभारू नये.

आपल्यासाठी खरा प्रश्न दवाखान्याचा आणि दुकानाच्या गल्ल्याचा आहे. दिवसभर रुग्णांवर खेकसणारा वैद्य रात्री तोच स्वर घरी नेतो. उलट, ‘ही दुसरी बाटली तुम्हाला नको’ असे ग्राहकाला सांगणारा दुकानदार थोडा नफा सोडतो, पण हिशेब मिटवून शांत झोपतो. अशाने धंदा बसेल, असे म्हणणारे भेटतात. ज्या दुकानावर तीन पिढ्या विश्वासाने येतात, ते दुकान मुलाच्या हाती सोपवताना त्याचे मोल कळते.

दयेलाही मात्रा असते. चरकांनी वैद्यवृत्तीत मैत्री, कारुण्य आणि प्रीती यांच्या जोडीला उपेक्षाही सांगितली, ती उगीच नव्हे. असाध्याच्या मागे स्वतःला झिजवू नये, हा तिचा आशय. गावभर मोफत औषधे वाटून घरच्यांना ताटकळत ठेवणे, किंवा कंपाउंडरचा पगार थकवून शिबिराचा फलक लावणे, याला मी करुणा म्हणणार नाही.

येत्या चैत्रयात्रेत संघटनेने डोंगरवाटेवर उपचारकेंद्र उभारावे, अशी माझी सूचना आहे. उन्हाने येणारी चक्कर, पायांचे फोड, गुलालाने चुरचुरणारे डोळे यांसाठी मोठा साठा लागत नाही. कापूस, पट्ट्या आणि जलसंजीवनी औषध विक्रेत्यांनी द्यावी. प्रत्येक सभासदाने एक पाळी सहकुटुंब करावी आणि नोंदवही मुलांच्या हाती द्यावी. फलक संघटनेचा एकच असावा, त्यावर कोणाचेही छायाचित्र नको.