एआय डिटेक्टरचा आकडा म्हणजे मार्क नव्हेत!

सबमिशनचा सीझन आला की कॉलेजच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर आजकाल एकच प्रश्न फिरतो, "तुझा किती टक्के एआय आला?" पूर्वी हा प्रश्न फक्त कॉपीचा असायचा. आता स्वतः लिहिलेल्या असाइनमेंटवरही "एआय ६० टक्के" असा शेरा पडतो, मार्क कापले जातात आणि समजावून सांगायला कुणी नसतं. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकून इंजिनिअरिंगला एकदम इंग्रजीत रिपोर्ट लिहावे लागले, त्यामुळे हा विषय मला जवळचा वाटतो. हा आकडा नेमका येतो कुठून आणि त्यावर मार्क ठरवणं कितपत बरोबर आहे, ते आज समजून घेऊ.

दोन आकडे, दोन वेगळ्या गोष्टी

रिपोर्टवर दोन प्रकारचे टक्के असू शकतात. पहिला साम्याचा, म्हणजे सिमिलॅरिटीचा. सॉफ्टवेअर तुमचा मजकूर इंटरनेट, जर्नल आणि जुन्या प्रबंधांशी ताडून बघतं. जुळलेली वाक्यं रंगवून दाखवतं आणि कुठून जुळली तेही सांगतं. यूजीसीचे २०१८ चे नियम याच साम्याबद्दल आहेत. १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला शिक्षा नाही. १० ते ४०, ४० ते ६० आणि ६० च्या वर अशा पुढच्या पायऱ्या आहेत. प्रबंधात ६० च्या वर साम्य निघालं तर नोंदणीच रद्द होते. पण इथे एक सोय आहे. सरांना आणि तुम्हाला मूळ पान उघडून बघता येतं. योग्य संदर्भ देऊन घेतलेलं अवतरण असेल तर ते मोजणीतून वगळायला सांगता येतं.

दुसरा आकडा एआयचा. इथे ताडून बघायला मूळ पानच नसतं. सॉफ्टवेअर फक्त अंदाज बांधतं. गंमत म्हणजे दोन्ही आकडे टक्क्यांतच दिसतात, म्हणून लोक १० टक्क्यांची सवय इथेही लावतात. गोंधळ इथूनच सुरू होतो.

डिटेक्टर नेमकं बघतो काय?

तुमच्या मोबाईलच्या कीबोर्डवर टाइप करताना वर तीन शब्द सुचवले जातात ना? "उद्या कॉलेजला" लिहिलं की "येणार" सुचतं. चॅटजीपीटीसारखं मॉडेल हेच काम फार मोठ्या प्रमाणावर करतं, पुढचा शब्द कोणता येण्याची शक्यता जास्त ते बघत लिहितं. बरेच डिटेक्टर याच्या उलट जातात. तुमच्या वाक्यातला प्रत्येक शब्द किती अपेक्षित होता, ते मोजतात. सगळेच शब्द अपेक्षित निघाले आणि वाक्यंही साधारण एकाच लांबीची असली, की शेरा पडतो, "हे मशीनने लिहिलंय."

आता विचार करा, अपेक्षित शब्द आणखी कोण वापरतं? ज्याची ती दुसरी-तिसरी भाषा आहे तो. शब्दसाठा मर्यादित असतो, चूक होऊ नये म्हणून आपण पाठ झालेली, सुरक्षित वाक्यं लिहितो. इंजिनिअरिंगच्या लॅब रिपोर्टची तर भाषाच ठरलेली असते.

हे फक्त माझं मत नाही. २०२३ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी सात डिटेक्टर तपासले. इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांनी टोफेल परीक्षेसाठी लिहिलेले ९१ निबंध त्यांना दिले. निबंध माणसांचेच होते, तरी सरासरी ६१ टक्के निबंधांवर एआयचा शिक्का बसला. अमेरिकेतल्या आठवीच्या मुलांचे निबंध मात्र जवळजवळ सगळे बरोबर ओळखले गेले. पुढचा भाग आणखी भारी आहे. तेच टोफेल निबंध चॅटजीपीटीला देऊन त्यांची भाषा भारदस्त करून घेतली, तर चुकीचे शिक्के साधारण १२ टक्क्यांवर आले. म्हणजे स्वतः लिहिलं तर संशय आणि एआयकडून सजवून घेतलं तर सुटका!

थोडं गणित करू

चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयने जानेवारी २०२३ मध्ये स्वतःचा डिटेक्टर आणला होता. त्यांच्याच चाचणीत तो एआयने लिहिलेल्या मजकुरापैकी २६ टक्के पकडायचा आणि माणसाच्या मजकुरापैकी ९ टक्क्यांवर चुकीचा आळ घ्यायचा. समजा एका कॉलेजात १००० असाइनमेंट आल्या आणि त्यातल्या २०० एआयने लिहिलेल्या आहेत. २०० चे २६ टक्के म्हणजे ५२ पकडल्या. उरलेल्या ८०० चे ९ टक्के म्हणजे ७२ निर्दोष मुलं अडकली. पकडलेल्यांत चोरांपेक्षा साव जास्त! कमी अचूकतेचं कारण देत ओपनएआयने त्याच वर्षी जुलैत तो बंद केला.

आजचे डिटेक्टर त्यापेक्षा चांगले आहेत, हे मान्य. टर्निटिनने एप्रिल २०२३ मध्ये आपली सोय सुरू करताना चुकीचा आळ १ टक्क्याहून कमी असल्याचा दावा केला. पण अमेरिकेतल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठाने साधा हिशोब मांडला. २०२२ मध्ये त्यांच्याकडे ७५,००० पेपर जमा झाले होते, त्याचा १ टक्का म्हणजे ७५० पेपर. ऑगस्ट २०२३ मध्ये त्यांनी ही सोय बंद केली. खुद्द टर्निटिनचंही म्हणणं आहे की फक्त या आकड्यावरून विद्यार्थ्यावर कारवाई करू नये.

आपल्याकडेही हा वाद कोर्टापर्यंत गेलाय. २०२४ मध्ये हरियाणातल्या एका खाजगी विद्यापीठातला कायद्याचा विद्यार्थी, उत्तरं एआयची ठरवून नापास केल्याबद्दल पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालयात गेला होता.

मग सरांनी तपासायचं कसं?

सरांची अडचणही खरी आहे. एका बॅचच्या साठ फाइली, त्यातल्या निम्म्या एकसारख्या, आणि वर लेक्चर वेगळी. एआयकडून आयतं लिहून घेणारी मुलं आहेतच आणि त्यांना फुकटचे मार्क मिळणं हा मन लावून लिहिणाऱ्यावर अन्यायच आहे. पण त्यावर जुनाच उपाय आहे, व्हायवा. ज्याने लिहिलंय त्याला पाच मिनिटं विचारा, "हीच पद्धत का निवडली? हा आलेख इथे खाली का गेला?" खरं-खोटं लगेच कळतं. दुसरा उपाय, थेट फायनल न घेता आधी आराखडा, मग कच्चा मसुदा घेणं आणि त्या टप्प्यांनाही मार्क देणं. डिटेक्टरचा आकडा फार तर "याला बोलावून विचारावं" इतकंच सांगू शकतो. मार्क मुद्द्याला, पुराव्याला आणि मांडणीला द्यायचे असतात.

तुम्ही काय करायचं?

- असाइनमेंट गूगल डॉक्समध्येच लिहा. संगणकावर फाइल मेनूत व्हर्जन हिस्टरी असते, त्यात कधी काय लिहिलं ते टप्प्याटप्प्याने दिसतं. दुसरीकडून सगळं एकदम पेस्ट केलंत तर हा पुरावा उरत नाही.
- वहीतल्या नोट्स, कच्चे आकडे, फोटो निकाल लागेपर्यंत डिलीट करू नका.
- व्याकरण तपासायला किंवा भाषांतराला एआय वापरलं असेल तर शेवटी एका ओळीत तसं लिहा. कॉलेजचा नियम आधीच विचारून ठेवा.
- आळ आलाच तर भांडू नका. "सर, माझी व्हायवा घ्या" असं लेखी द्या आणि रिपोर्टची प्रत मागा.
- आकडा कमी करून देतो म्हणणाऱ्या "ह्युमनायझर" अॅपच्या नादी लागू नका. तुमचं साधं, सरळ वाक्य मोडून ते भलतंच काहीतरी करून ठेवतात आणि व्हायवात ते तुम्हालाच समजावून सांगावं लागतं.

साधं इंग्रजी लिहिणं हा गुन्हा नाही. आपल्यातले बरेच जण तसंच लिहीत शिकले आणि आजही ऑफिसात तसंच लिहितात. तेव्हा पुढच्या वेळी ग्रुपवर कुणी "किती टक्के आला?" विचारलं, तर आधी त्याला विचारा, "कुठला आकडा, साम्याचा की अंदाजाचा?"