ढाक्यात बोललो, जिनिव्हातही बोलू

धर्म किंवा श्रद्धेपायी हिंसेला बळी पडलेल्यांचा स्मृतिदिन संयुक्त राष्ट्रसंघ २०१९ पासून २२ ऑगस्टला पाळतो. त्या दिवशी सरकारे निवेदने काढतात. पण त्यापलीकडे त्यांचे कर्तव्य काय, हे आसिया बीबीच्या खटल्यातून कळते.

जून २००९. पाकिस्तानी पंजाबातल्या शेखूपुरा जिल्ह्यात फालसे तोडणाऱ्या बायकांसाठी ही ख्रिस्ती शेतमजूर बाई पाणी घेऊन आली. तिच्या हातचे पाणी चालणार नाही, असे बरोबरच्या काहीजणी म्हणाल्या. महाडचे चवदार तळे ठाऊक असलेल्या मराठी वाचकाला हा विटाळ समजावून सांगायला नको. वादावादी झाली, ईशनिंदेचा आरोप आला आणि नोव्हेंबर २०१० मध्ये तिला फाशीची शिक्षा झाली. त्याच वर्षी जूनमध्ये पाकिस्तानने नागरी व राजकीय हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार स्वीकारला होता. त्यात धर्मस्वातंत्र्याची हमी आहे. तिची बाजू घेणारे पंजाबचे राज्यपाल सलमान तासीर आणि केंद्रीय मंत्री शहबाज भट्टी यांची २०११ मध्ये हत्या झाली. सर्वोच्च न्यायालयाने तिला निर्दोष सोडले ते २०१८ मध्ये. पुढच्या वर्षी कॅनडाने तिला आसरा दिला.

त्या न्यायाधीशांचे धैर्य मोठेच. पण बाहेरच्या देशांच्या हातीही काही असते. युरोपीय संघ पाकिस्तानी मालाला करसवलत देतो, ती २७ आंतरराष्ट्रीय करार पाळण्याच्या अटीवर. दुसऱ्या एका ख्रिस्ती जोडप्याच्या फाशीचा मुद्दा घेऊन युरोपीय संसदेने एप्रिल २०२१ मध्ये या सवलतीच्या फेरविचाराची मागणी केली. त्यांचे अनेक वर्षे रखडलेले अपील जूनमध्ये निकाली निघाले आणि दोघेही सुटले. निषेधाकडे काणाडोळा करणाऱ्या सरकारलाही निर्यातीची चिंता असतेच.

मात्र असा शब्द सर्वांसाठी टाकला, तरच त्याला वजन राहते. बांगलादेशातील हिंदूंच्या सुरक्षेचा प्रश्न आपल्या परराष्ट्र सचिवांनी डिसेंबर २०२४ मध्ये ढाक्यात मांडला, ते योग्यच झाले. पण शिनजियांगमधील उइघुर मुस्लिमांच्या स्थितीवर नुसती चर्चा करावी, असा ठराव ऑक्टोबर २०२२ मध्ये जिनिव्हाच्या मानवी हक्क परिषदेत आला, तेव्हा भारत तटस्थ राहिला. ठराव १७ विरुद्ध १९ मतांनी पडला. एकाच देशावर बोट ठेवणाऱ्या ठरावांनी काही साधत नाही, हे आपले अधिकृत उत्तर होते. छळ सोसणाऱ्यांना त्याचा काय उपयोग?

पाकिस्तानने स्वीकारलेला तोच करार भारताने १९७९ मध्येच स्वीकारला आहे. पीडिताचा धर्म किंवा छळणाऱ्याची ताकद पाहून मुभा देणारे कलम त्यात नाही. ढाक्यात जे ठामपणे बोललो, ते जिनिव्हातही बोलले पाहिजे.