डिस्टोपिया : उसनी संज्ञा, घरचा नियंता

भावनांवर पहारा ठेवणाऱ्या समाजाचा विषय निघाला की मराठी समीक्षा हक्सली आणि ऑर्वेल यांच्याकडे धावते. ‘ब्रेव्ह न्यू वर्ल्ड’मध्ये (1932) कुटुंबसंस्थाच नाहीशी झाली आहे, ऑर्वेलच्या ‘1984’मध्ये (1949) मुले आईवडिलांवर हेरगिरी करतात. दोन्हीकडे नियंता शासन आहे. हा साचा मराठवाड्याला जसाच्या तसा लावणे हा निव्वळ सैद्धान्तिक आळस नव्हे. त्यातून खरा नियंता निर्दोष सुटतो. जानेवारी 2023मध्ये नांदेड जिल्ह्यात प्रेमसंबंधावरून एका विद्यार्थिनीचा खून झाला. अटक झाली ती वडील, भाऊ अशा घरच्याच माणसांना. येथे कुटुंब हे शासनाचे भक्ष्य नसून जातीचे हत्यार आहे. शासन त्याला पूरक ठरते: सज्ञानांच्या विवाहाला कुटुंबाची संमती आवश्यक नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2018मध्ये स्पष्ट केले; तरी 1954चा विशेष विवाह कायदा 30 दिवसांची जाहीर नोटीस मागतोच.

‘सैराट’ला (2016) ‘शोकात्म प्रेमकथा’ म्हणून निकालात काढणारी समीक्षाही हीच पळवाट शोधते. शोकात्मिकेत नियती दोषी असते. ‘सैराट’मध्ये माहेरची माणसे भेटवस्तू घेऊन दाराशी येतात. आंतरजातीय विवाह हाच जातीवरचा खरा उपाय, असे आंबेडकरांनी 1936मध्येच मांडले होते. म्हणूनच हे प्रेम खासगी नाही आणि त्याचा अंत दैवी नाही. ‘लातूर पॅटर्न’ने मुलींना घराबाहेर शिकायला आणले, निवडीच्या हक्काचा प्रश्न मात्र अभ्यासक्रमाबाहेरच राहिला. नांदेड-लातूरच्या साहित्यवर्गांत ऑर्वेल जरूर शिकवावा. पण पहारेकरी कोण, हे आपल्याच उंबरठ्यावर उभे राहून विचारावे.